टाळ्यांचा माईक

मोठी चादर पिळायची तर दोन टोकांना दोन माणसं लागतात. एकाने उजवीकडे पीळ द्यायचा, दुसऱ्याने डावीकडे, म्हणजे मधल्या मध्ये पाणी गळून जातं. हॅलोकाका आणि काकू सकाळी मागच्या मोरीत तेच करत होते. पीळ अर्धा बसला असेल नसेल, तोच दारात लेक उभी राहिली. कडेवर छकुली, पायात घरातल्याच चपला, आणि चेहरा असा की काकूंच्या हातातलं टोक आपसूक सुटलं. चादरीने उलटी गिरकी घेतली आणि सगळं पाणी काकांच्या पायजम्यावर.

"अगं, इतक्या सकाळी? बरं आहे ना सगळं?"

"ह्यांना पत्र आलंय," लेक म्हणाली. "राखीव दलातल्या सगळ्यांना विचारताहेत, पलीकडे जायला तयार आहात का म्हणून. सक्ती नाही, स्वखुशीने. शनिवारी जाऊन सांगायचंय. आणि हे जातो म्हणताहेत."

काकूंनी छकुलीला घेतलं आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. चादर बादलीत पडली ती पडलीच.

पलीकडे म्हणजे समुद्रापलीकडच्या त्या देशात. तिथे आपलं सैन्य पाठवावं की नाही, याखेरीज गेले काही महिने गावात दुसरा विषय नव्हता. केशकर्तनालयात तेच, औषधाच्या दुकानात तेच. आणि दर आठवड्याला तीन-चार सभा. सभा म्हटली की माईक आला, आणि माईक म्हटला की हॅलोकाका आले. गावात भाड्याने माईक-स्पीकर लावणारा भरवशाचा माणूस तो एकच.

काकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. माईक तपासताना इतर लोक एक-दोन-तीन म्हणतात, फुंकर मारतात, टिचकी मारतात. काका तसलं काही करत नसत. सभागृहाच्या मधोमध उभं राहून एकेका कोपऱ्याकडे तोंड करून ते हलकेच "हॅलो" म्हणायचे आणि थांबायचे, जणू कोपरा उत्तर देणार आहे. त्यावरून नाव पडलं हॅलोकाका. मग काकूही आपोआप हॅलोकाकू झाल्या. लग्न झालं तेव्हा काकूंना याचा राग यायचा, पुढे सवय झाली. पोस्टमनसुद्धा फाटकातून "हॅलोकाकू, पाकीट!" असं ओरडायचा.

काकांचे वडील शिंपी. त्यांची इच्छा मुलाने कात्री धरावी. पण मुलाला कापड सरळ कापता येईना. आणि समोरच्या दुकानातला रेडिओ खरखरला की मात्र याचं काम थांबायचं. शेवटी वडीलच एक दिवस कंटाळून म्हणाले, "जा बाबा, त्या खोक्यातच जाऊन बैस." ते जे गेले ते आयुष्यभर खोक्यांतच राहिले. कान असा की शिट्टी मारायच्या आधीच माईक शिट्टी मारणार हे त्यांना कळायचं. कुठल्या सभागृहात आवाज घुमतो, कुठे छत तो गिळून टाकतं, कुणाला माईक चिकटून लागतो, कोण बोलताना थुंकी उडवतो, सगळं तोंडपाठ. लग्नं, बक्षीस समारंभ, शोकसभा, निवडणुका. कुठे नव्हते काका? फक्त एक होतं. कोण काय बोललं ते त्यांना कधीच सांगता यायचं नाही. पाणी नळातून वाहतं तशी भाषणं त्यांच्यातून वाहून जायची. नळाला काय माहीत पाणी कुठलं?

संध्याकाळी जावई बायको-मुलीला न्यायला आला. बस डेपोत तो इंजिनाचं काम करायचा. सैन्यातही हेच काम होतं, तिथली मुदत संपवून आला आणि तेव्हापासून राखीव दलात नाव. अबोल, हातांना कायम ग्रीसचा वास, सासरी आला की आधी साबण मागणार. काकूंना त्याचं हेच फार आवडायचं.

चहा आला. छकुली काकांच्या वायरच्या भेंडोळ्यात बसून खेळत होती. कुणी विषय काढेना, तेव्हा त्यानेच काढला.

"बाबा, रविवारची सभा टीव्हीवर पाहिली. काय उसळलं होतं सभागृह! अंगावर काटा आला माझ्या."

"हो. आवाज चांगला आला होता," काका म्हणाले.

"आवाज काय म्हणताय! लोक म्हणा. अख्खं गाव पाठीशी आहे. 'आमची माणसं, आमची माणसं' करत होते." त्याने कप खाली ठेवला. "मी दिवसभर बसखाली आडवा असतो, बाबा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना माझे फक्त बूट दिसतात. ड्रायव्हर बुटांशी बोलतात. आणि इथे इतके लोक आपल्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवताहेत. मग नाही कसं म्हणायचं?"

लेक स्वयंपाकघरातून म्हणाली, "बुटांशी मीही बोलायला तयार आहे, पण बूट घरी तर यायला हवेत."

"तू जरा थांब ग," काकू म्हणाल्या, पण त्यांचा आवाज तिच्याच बाजूचा होता.

"पण जायचं कशासाठी, ते तरी नीट कळलंय का?" काकांनी विचारलं.

"तेच तुम्हाला विचारणार होतो. तुम्ही तर एकूण एक भाषण ऐकलंय. नेमकं काय चाललंय तिकडे? भांडण कुणाचं आहे? आपण कुणाच्या बाजूने?"

काकांनी चष्मा काढला. मग तो पुसला.

"म्हणजे असं आहे... तिथल्या लोकांना... त्रास आहे. फार त्रास आहे."

"कुणाचा?"

"ते... तिथल्याच लोकांचा."

काकूंना एरवी हसू आलं असतं. "जन्म भाषणांत गेला ह्यांचा," त्या म्हणाल्या, "आणि जावयाने विचारलं तर एक वाक्य निघेना. शाळेत असते तर मास्तरांनी बाकावर उभं केलं असतं."

जावई हसला नाही. "राहू द्या. गावाला माहीत असेलच ना. उगीच एवढे लोक टाळ्या वाजवतील का?"

त्या वाक्याने काकांचा चहा गार झाला.

गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात पुढची सभा होती. काकांनी नेहमीप्रमाणे कोपऱ्यांना हॅलो केलं, वायरी अंथरल्या, वक्त्यांचा माईक लावला. मग टाळ्यांचा माईक. ही सोय नवी होती. सभा टीव्हीवर जाऊ लागल्यापासून सभा भरवणाऱ्या समितीचे कार्यवाह म्हणाले होते, "काका, टाळ्या दणदणीत ऐकू यायला हव्यात, नाहीतर घरी बसलेल्याला वाटतं सभा ओस आहे." म्हणून काका पुढच्या रांगांच्या डोक्यावर छताला दोन माईक टांगायचे. मागे टांगून उपयोग नसतो. मागे पंख्यांची घरघर, खुर्च्यांची करकर आणि पोरांची रडारड. आवाज जिथे आहे तिथे माईक लावायचा, ही त्यांची साधी रीत. त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं, ऐकायचं. नुसता आवाज नाही, शब्द. आणि ते खरंच ऐकत बसले. पहिले वक्ते म्हणाले, आता वेळ आली आहे. कशाची, ते सांगायच्या आत ते दुसऱ्या मुद्द्यावर गेले. दुसरे म्हणाले, इतिहास आपल्याकडे पाहतो आहे. तिसऱ्यांनी त्या देशाचं नाव घेतलं आणि शेजारच्या देशाच्या नदीचं वर्णन केलं. निदान काकांना तरी असं वाटलं, कारण व्यासपीठावरच्या नकाशात ती नदी दुसऱ्याच देशात होती. शब्द गळायला लागले की काका कपाळाला आठ्या घालून त्यांना घट्ट धरायचे, पण धरण्यासारखं फारसं काही हाताला लागतच नव्हतं. इतकी वर्षं आपण ऐकत नव्हतो याचं त्यांना वाईट वाटलं, आणि ऐकल्यावर त्याहून जास्त दमल्यासारखं झालं.

चहाच्या वेळी प्रमुख वक्त्यांचा कॉलरचा माईक काढताना त्यांनी धीर करून विचारलं, "साहेब, आपली माणसं तिकडे गेली की नेमकं काय करणार?"

वक्ते भले गृहस्थ होते. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "ते तज्ज्ञ ठरवतील, काका. आपलं काम पाठिंबा देण्याचं. तुमचा आवाज मात्र झकास आहे हं."

चहानंतर सभा पुन्हा सुरू झाली. काका आपल्या मशीनमागे बसले आणि कानाला हेडफोन लावला. वक्त्यांनी आवाज चढवला, "आमची माणसं!" आणि हेडफोनमध्ये टाळ्यांचा धबधबा कोसळला. नेहमीसारखाच. तेवढ्यात हेडफोनची वायर खुर्चीच्या पायात अडकून ताणली गेली आणि हेडफोन सरकून गळ्यात पडला.

टाळ्या गेल्या.

गेल्या म्हणजे बंद झाल्या नव्हत्या. पुढे होत्या. समितीची माणसं, त्यांचे मेहुणे-पाहुणे, उभे राहून, हात वर करून वाजवत होते. पण त्यांच्यामागे अख्खं सभागृह होतं, आणि ते गप्प होतं. काहीजण मोबाईल बघत होते. एक म्हातारे छातीवर हनुवटी टेकून झोपले होते. एक बाई बाळाला पाजून पदराआड थोपटत होती. शेजारच्या दवाखान्यात नंबर लावून आलेली माणसं पंख्याखाली बसली होती. काकांनी हेडफोन कानाला लावला: धबधबा. काढला: गळका नळ. लावला. काढला.

इतके महिने टाळ्यांच्या वेळी हेडफोन त्यांच्या कानावरच असायचा. काम नेमकं तेव्हाच असायचं. आवाज फाटू नये म्हणून बटण धरून बसावं लागायचं. म्हणजे जे टीव्हीपुढच्या माणसाने ऐकलं तेच त्यांनीही ऐकलं होतं, आणि सभागृहात बसूनसुद्धा त्यांना खुशाल वाटत होतं की गाव गरजतंय.

शेवटच्या रांगेत वाचनालयाच्या बाई बसल्या होत्या. सभा संपली की कुलूप लावायचं म्हणून त्यांना थांबणं भाग होतं. काका वायर गुंडाळत त्यांच्याजवळ गेले.

"बाई, तुम्ही इतकं वाचता. तुम्ही नाही वाजवल्या टाळ्या?"

बाईंनी कपाळ चोळलं. "पहिल्या महिन्यात वाजवल्या हो. तेव्हा मला फारसं माहीत नव्हतं. मग वाचायला घेतलं. तिथे दोन बाजू आहेत, त्यातली एक पुन्हा आतून फुटलेली. कालपर्यंत बाहेरच्यांनी यावं म्हणणारेच आज येऊ नका म्हणताहेत. आणि न गेल्याने जे मरतील, तीही माणसंच."

"मग जाऊ नये, असं तुमचं मत?"

"तेही ठामपणे सांगता येत नाही मला. एक पुस्तक वाचलं की एक मत होतं, दुसरं वाचलं की ते सुटतं. असं कुणी व्यासपीठावर सांगतं का? आणि सांगितलं तर टाळ्या कशाला वाजवायच्या?" त्या उठल्या. "मागचा पंखा बंद करून घ्या हं काका."

घरी आल्यावर काकांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू भाजी निवडत होत्या. निवडलेली आणि न निवडलेली एकत्र झाली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

"मग सांगा ना जावयांना. वाट कसली बघताय?"

"सासऱ्याने सांगितलं की पोरीसाठी सांगतोय असंच वाटणार. आणि खोटंही नाही ते. मला त्यांनी जायला नकोच आहे."

"मग सांगू नका. दाखवा."

काकूंचं हे असंच असे. देवापुढे तासभर डोळे मिटून बसतील, आणि डोळे उघडले की पहिलं वाक्य बरोबर.

शुक्रवारी शाळेच्या सभागृहात सभा होती. काकांनी जावयाला डेपोतून परस्पर बोलावून घेतलं. मशीन तापतंय, जरा बघायला या, म्हणाले. जावयापुढे काकांनी खोटं बोलण्याची ही पहिलीच वेळ, आणि मशीनला हात लावताच ते उघडं पडलं.

"थंडगार आहे की हो बाबा."

"बसा तुम्ही. हे घाला कानाला."

भाषण चाललं होतं. बोलणाऱ्या बाईंचा गळा भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता. "आमची माणसं," त्या म्हणाल्या. हेडफोनमध्ये गर्जना उठली. काकांनी पाहिलं, जावयाची पाठ ताठ झाली. रविवारी टीव्हीपुढेही त्याचा चेहरा असाच झाला असणार. काकांच्या जिवावर आलं. झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण ओढावं तसं त्यांना वाटलं. तरी त्यांनी हात पुढे केला आणि हेडफोन हळूच खाली ओढला.

जावयाने समोर पाहिलं. मग मागे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग छताकडे, टांगलेल्या माईककडे. यंत्रावरच हात चालणारा माणूस. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"तुम्ही लावलेत ते?"

"मीच."

"रविवारीसुद्धा?"

"दर वेळी. पण मलाही कालपर्यंत माहीत नव्हतं, शप्पथ. हे कानावर असतं ना माझ्या."

सभा संपली. मग वायरी गुंडाळताना जावई म्हणाला, "म्हणजे मागच्यांना नकोय आम्ही जायला."

"नाही हो. मागचे नको म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"काहीच म्हणत नाहीत. पंख्याखाली बसलेत."

जावयाच्या हातातली वायर थांबली. "नको म्हणाले असते तर परवडलं असतं, बाबा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण तो मागच्या रांगांवर होता, पुढच्यांवर होता की काकांवर, हे काकांच्या त्या नामी कानालाही ओळखता आलं नाही. "कशासाठी चाललोय ते यांच्यातल्या अर्ध्यांना ठाऊक नसेल. मला तरी कुठे ठाऊक आहे? म्हटलं लोकांना ठाऊक असेल. लोक म्हणत असतील, आम्हाला नसेल, पण जाणाऱ्याला ठाऊक असेल."

काकांनी पेटी उचलली. दुसरं टोक जावयाने धरलं, आणि दोघांनी मिळून ती जिन्याखाली उतरवली. फाटकापाशी तो "येतो" म्हणाला. एरवी "येतो बाबा" म्हणायचा.

शनिवारी पुन्हा सभा. सकाळीच काका कार्यवाहांना म्हणाले, "आज टाळ्यांचे माईक मधोमध टांगू या का?"

"का? पुढचे बिघडले?"

"नाही, पण मधे टांगले तर सगळ्या सभागृहाचा आवाज येईल."

कार्यवाह आधी हसले. मग काका गंभीर आहेत हे पाहून हसायचे थांबले. "काका, सगळ्या सभागृहाचा आवाज आला तर मला पंखे ऐकू येतील. तुम्हीच शिकवलंत हे आम्हाला. तब्येत बरी आहे ना? पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या कुणाला सांगू का? विश्रांती घ्या थोडी."

"सांगा," काका म्हणाले. हे आपण रागाने म्हटलं की थकव्याने, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्या दिवसाचं काम मात्र त्यांनी रीतसर केलं. घेतलेलं काम अर्धं टाकणं त्यांना जमणारं नव्हतं. माईक पुढेच टांगले, बटण धरून बसले. फक्त हेडफोन गळ्यात ठेवला. टाळ्या झाल्या तेव्हा आवाज एकदा फाटला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मोबाईलवर सभा ऐकत असलेल्या कार्यवाहांनी मान वळवून पाहिलं. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुपारी पेटी भरताना लेकीचा फोन आला.

"बाबा, हे नाही म्हणून आले."

काका तिथल्याच खुर्चीवर बसले. "काय म्हणाले तिथे?"

"तिथल्या साहेबांना ह्यांनी विचारलं म्हणे, तिकडे आमचं काम काय, किती दिवस, कुणाशी. साहेब म्हणाले, पोचल्यावर सांगतील. मग ह्यांनी नाही म्हणून सांगितलं. बाहेर बाकीच्यांनी टोमणे मारले. एक जण म्हणाला, बायकोने कोंडलं का? हे तसेच निघाले. येऊन नुसते बसलेत."

"जेवले?"

"नाही."

"माझ्यावर राग आहे का ग?"

"आहे, बाबा. म्हणाले, दाखवलं नसतंत तर बरं झालं असतं. आणि मग म्हणाले, दाखवलंत ते बरं केलंत. दोन्ही म्हणाले. मी काय समजू?"

"दोन्ही समज," काका म्हणाले.

सभागृहात खुर्च्या घड्या करायचं काम चाललं होतं. काकूंना फोन करून ही बातमी द्यायला हवी, त्या सकाळपासून देवासमोरून उठल्या नसतील, असं त्यांच्या मनात आलं. पण आधी नुसतं बसावंसं वाटलं. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता, कुठेतरी खोल. पण उन्हातून घरात आलं की आधी काहीच दिसत नाही, तसं झालं होतं.

"बाबा, आहात ना?" फोनवर लेक.

"आहे."

"छकुलीला रात्रीपासून खोकला आहे. मला ह्यांना सोडून निघता येत नाहीये. येताना औषध आणाल का? मागच्या वेळचंच, लहान बाटली."

"आणतो," काका म्हणाले. त्यांनी पेटीचं झाकण लावलं, ती सभागृहाच्या रखवालदाराकडे ठेवली, आणि खोकल्याचं औषध आणायला ते निघाले.